जी-नाईन आणि आय१८एन

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात 'इंटरनॅशनलायझेशन', म्हणजे सॉफ्टवेअर कुठल्याही भाषेत नेता येईल असं बांधणं, हा पूर्ण शब्द कुणी उच्चारला की वाटतं, गडी मुलाखतीची तयारी करून आलाय. बाकी सगळे आय१८एन म्हणतात. 'इंटरनॅशनलायझेशन'चं इंग्रजी स्पेलिंग घ्या: पहिलं अक्षर आय, शेवटचं एन, मधली १८ मोजून फेकून दिलेली. लोकलायझेशनचं तसंच एल१०एन, ॲक्सेसिबिलिटीचं, म्हणजे अपंगांनाही वापरता येण्याच्या सोयीचं, ए११वाय, आणि सर्व्हरवरची सॉफ्टवेअरं सांभाळणाऱ्या कुबरनेटिसचं के८एस. मी सॉफ्टवेअर मराठीत आणायचं काम करते, म्हणजे एल१०एनवर माझं पोट चालतं.

हे खूळ अमेरिकेतल्या डेक या कंप्युटर कंपनीतलं. सांगतात की तिथे एकाचं आडनाव १४ अक्षरी होतं, ईमेल खात्याच्या नावात मावेना. सिस्टिम सांभाळणाऱ्याने त्याचं एस१२एन करून टाकलं, आणि लोक त्याला तोंडीही तेच म्हणू लागले. १९८५च्या सुमारास आय१८एन रुळलेलं होतं. एक सोय मात्र खरी: या शब्दात झेड लिहायचा की एस, हा अमेरिकन आणि ब्रिटिश स्पेलिंगचा तंटा त्या १८च्या पोटात गडप होतो.

केळीच्या कापणीला रावेरकडे घरी गेले होते. ओसरीवर लॅपटॉप उघडून बसले तर काका मागून डोकावले. "हे अठरा काय लिहून राह्यली? अठरा तर धुळ्याची गाडी, आपली एकोणीस." एमएच १८ आणि एमएच १९च्या पलीकडे त्यांना आकड्यांचं कौतुक नाही. मी समजावून सांगितलं, तर म्हणाले, "मग सरळ सांग ना, जी-नाईनसारखं."

जी-नाईन म्हणजे आमच्याकडची टिश्यू कल्चरची केळी. जातीचं नाव ग्रँड नेन, फ्रेंच. त्या 'नेन'चं आपल्या तोंडी 'नाईन' झालं आणि पावतीवर, बोर्डावर जी-९ लागलं. त्यातला ९ कुणी मोजलेला नाही, तो कानाने आलाय. आय१८एनच्या नियमाने केलं असतं तर ग्रँड नेनचं (आपल्याकडे लिहितात ते Grand Naine) जी८ई झालं असतं. काकांना हे सांगितलं. "जी८ई मागायला गेलो तर नर्सरीवाला हाकलून देईल," म्हणाले आणि विळा घेऊन निघून गेले.

मला काकांचा आकडा जास्त पटतो. जी-नाईनमध्ये नावाचा आवाज तरी शिल्लक आहे. सातबाऱ्यातले ७ आणि १२ हे गाव नमुन्यांचे क्रमांक आहेत, तलाठ्याकडे ते नमुने असतात. आमचा १८ फक्त एवढंच सांगतो की आम्ही किती अक्षरं गाळली. त्यातही के३एसची गंमत बघा. कुबरनेटिसची हलकी आवृत्ती काढली, तर दहा अक्षरांच्या निम्मी पाच, म्हणून नाव के३एस. त्याचा पूर्ण शब्दच नाही! मधली तीन अक्षरं कधी जन्मालाच आली नाहीत.

आमच्यातल्या एका उत्साही पोराने मराठीतही असंच करू म्हणून सुचवलं. घेतलं 'आंतरराष्ट्रीयीकरण'. बोटांवर मोजली तर नऊ अक्षरं, म्हणजे आं७ण. कंप्युटर मात्र काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं सुटं धरतो. 'ष्ट्री' हे आपलं एक अक्षर, त्याच्या हिशेबात सहा: ष, हलन्त, ट, हलन्त, र, वेलांटी. एकूण १७, म्हणजे आ१५ण. अर्धा तास वाद झाला आणि सूचना बारगळली. पण आय१८एनचं खरं काम हेच आहे. फॉर्मच्या रकान्यात 'कमाल २० अक्षरं' लिहिणाऱ्याने कुणाची अक्षरं मोजली, हे विचारायचं. नाहीतर आडनाव ऐन जोडाक्षरात तुटतं आणि शेवटी हलन्त लोंबकळत राहतो.

फाइलींच्या नावात हे आकडे असू द्यावेत, जागा वाचते. पडद्यावर मात्र नकोत, आणि ए११वाय तर अजिबात नको. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठीची सोय, आणि त्याचं स्क्रीन रीडर वाचणार "ए अकरा वाय"! परवा एका बटणावर 'ए११वाय पर्याय' आलं होतं, ते मी 'सुलभता पर्याय' केलं. डिझाइनवाल्याचा लगेच निरोप: बटणात मावत नाही. बटण रुंद कर म्हटलं.