वरातीतले छोलिया आणि चिखलातला हुडका

उत्तराखंडातल्या कुमाऊँमधलं लग्न बघायला पत्रिका लागत नाही. जूनच्या अखेरीस अल्मोड्याहून कौसानीकडे निघालो होतो. देवशयनीनंतर आपल्यासारखंच तिथेही लग्नं थांबतात, त्यामुळे सगळ्यांची घाई चाललेली. एका वळणावर शेअर जीप अडली, पुढे वरात. ड्रायव्हरने इंजिन बंद करून बिडी पेटवली, तेव्हाच समजलो की आता तासाची निश्चिंती.

उंच काठ्यांवर लाल-पांढरी निशाणं आणि त्यांच्यामध्ये छोलिया, म्हणजे तलवारीचा नाच करणारे. चुडीदार, घेरदार झगा, फेटा, गालांवर चंदनाचे ठिपके. एका हातात तलवार, दुसऱ्यात छोटी ढाल. तलवारीच्या जोरावर मुली जिंकून आणत त्या काळातला हा नाच, असं तिथली माणसं सांगतात. नुसती चपळाई बघत बसलो असतो तर निम्मी मजा हुकली असती. खरा खेळ चेहऱ्यावर चालतो. एक जण भुवया उडवून डिवचतो, दुसरा त्याला खिजगणतीतही धरत नाही, पाठ फिरवतो, आणि तेवढ्यात गर्रकन वळून वार! ढाल खणकते, बायका हसतात, नवरदेवाकडे कुणाचं लक्षच नाही.

बरोबर मशकबीन होती. ही मूळची स्कॉटिश बॅगपाइप. इंग्रजांच्या पलटणींतून पहाडात आली आणि अशी रुळली की आता तिच्यावाचून वरात हलत नाही. पण मला ओढ लागली ती ढोल-दमाऊची. ढोल खांद्याला अडकवलेला, एका अंगाला काठी, दुसऱ्या अंगाला पंजा. दमाऊ तांब्याचा, उथळ, दोन बारीक काठ्यांनी वाजणारा. ढोल एक बोल टाकतो आणि दमाऊ त्याच्या फटी बुजवत जातो. एकाला सोडून दुसरा वाजवत नाहीत.

हे वादक बहुतेक शिल्पकार म्हणजे दलित समाजातले. लग्न असो की देवाचा जागर, त्यांच्यावाचून अडतं; पण ढोलाला मिळालेला मान त्यांच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या आला नाही. एका दमाऊवाल्याला विचारलं, पोरगा वाजवतो का? ‘हल्द्वानी में गाडी चलाता है,’ एवढंच म्हणाला आणि काठ्या फेट्यात खोचल्या. लोककला टिकली पाहिजे असं म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे उत्तर आधी ऐकावं. त्या पोराचं काय चुकलं?

पुढे सोमेश्वरला कोसीकाठच्या सेऱ्यात, म्हणजे पाटाच्या पाण्याच्या भातखाचरांत, रोपणी चालली होती. तिथे हुडकिया बौल, म्हणजे हुडक्याच्या तालावरचं रोपणीचं गाणं, ऐकायला मिळाला. हुडका म्हणजे डमरूसारखं मध्ये निमुळतं वाद्य. ते खांद्यावरच्या पट्ट्याने ताणून वाजवणारा गायक, हुडकिया, बांधावर नाही, चिखलातच उभा. आधी भूमियाळ देवाला साकडं, मग वीरांच्या कथा. तो एक ओळ टाकतो, वाकलेल्या बायका ती उचलतात आणि रोपं खोचत एकेक पाऊल मागे सरकतात. त्याने लय वाढवली की हात वाढतात. मागे पडणारीला सरळ टोमणे. गाणं ऐकायला कुणी थांबत नाही आणि थांबलं तर हुडकियाच ओरडतो.

दुपारी पाऊस कोसळला. ओलाव्याने हुडक्याचं कातडं सैल पडतं. एका म्हाताऱ्या आमाने धावत छत्री आणली आणि हुडक्यावर धरली. हुडकिया भिजत गातच राहिला, कारण दोन खाचरं अजून बाकी होती.