टी४ चा लायसिस: ओडी पडत का नव्हती

टी४ हा फेज, म्हणजे जिवाणूंना ग्रासणारा विषाणू. तो आत वाढून पेशी फोडतो (लायसिस), तेव्हा कल्चरचा गढूळपणा, म्हणजे ओडी, पडतो. मागच्या खेपेला त्याचाच आलेख काढला होता: ई. कोलाय जिवाणूचा बी वाण, एलबी हे पोषक द्रव, ३७ अंश, एमओआय (पेशीमागे फेज) ५. पंचविसाव्या मिनिटाला ओडी कोसळायला हवी होती. ती ०.४ च्या आसपास दीड तास रेंगाळली. पण वाढलीही नाही, आणि तोच धागा ठरला. संसर्ग न झालेलं कल्चर एवढ्या वेळात कितीतरी पुढे गेलं असतं. म्हणजे पेशी पकडल्या गेल्या होत्या, फुटत नव्हत्या.

खात्री क्लोरोफॉर्मने झाली. साठाव्या मिनिटाला ५ मिलि नमुन्यात चार थेंब टाकून हलवलं, दोन-तीन मिनिटांत नळी काचेसारखी स्वच्छ! लायसोझाइम (पेशीची भिंत विरघळवणारं फेजचं विकर) आत तयारच होतं, फक्त पेशीपटलाचं दार बंद होतं. ही चाचणी काचेच्या नळीतच करा. पॉलिस्टायरीनच्या क्युव्हेटला (ओडी मोजायच्या प्लास्टिकच्या डबीला) क्लोरोफॉर्म चाटून धुरकट करतो आणि ओडी उलट वाढलेली दिसते. आधीचे दोन नमुने त्यातच वाया गेले.

तर हा फेजचा दोष नाही, हे लायसिस इन्हिबिशन, म्हणजे फुटणं रोखून धरणं. डोअरमन यांनी १९४८ मध्येच त्याचं वर्णन केलं आहे. दार उघडण्याचं काम टी या होलिनचं (पटलाला भोक पाडणारं फेजचं प्रथिन, २१८ अमिनो आम्लं). पहिल्या संसर्गानंतर काही मिनिटांनी दुसरा टी४ त्याच पेशीवर येऊन बसला की आरआय हे अँटिहोलिन (होलिनला रोखणारं प्रथिन) टीच्या पेरिप्लाझममधल्या, म्हणजे पटलाबाहेरच्या पोकळीतल्या, भागाला धरून ठेवतं. यजमान जिवंत राहतो, आत फेज साठत राहतात. बाहेर फेजांची गर्दी असेल तर नव्या पिल्लांना रिकामा यजमान मिळणार नाही, हा हिशेब विषाणूने इतक्या साध्या खिटीने सोडवला आहे. याचं कौतुक संपत नाही.

पण एमओआय ५ ला दुसरा फेज उशिरा येतोच कसा? सगळा वेळ या प्रश्नाने खाल्ला. टी४ चा चिकटण्याचा स्थिरांक सुमारे २×१०⁻⁹ मिलि प्रति मिनिट. पेशींची घनता मिलिलिटरला २० कोटी, म्हणजे दर ०.४ प्रति मिनिट. पाच मिनिटांनी १३ टक्के फेज अजून मोकळे. पाचाचे १३ टक्के म्हणजे पेशीमागे ०.६५ फेज, आणि ते नेमके नको त्या वेळी येऊन बसतात. शिवाय लवकर फुटणाऱ्या एक टक्का पेशी धरा: २० लाख पेशी, प्रत्येकी शंभर फेज, म्हणजे पुन्हा २० कोटी. उरलेल्या प्रत्येक पेशीला एकेक! घट्ट कल्चरमध्ये जंगली (मूळ, न बदललेल्या) टी४ ने मुकाट फुटावं ही अपेक्षाच चुकीची होती.

एक वाट आर म्युटंटची, म्हणजे हे रोखणं गमावलेल्या फेजची. हर्शी यांनी १९४६ मध्ये मांडलेली खूण अजून तितकीच चोख आहे: जंगली प्लाक (ताटलीवरच्या जिवाणूंच्या थरात फेजने पाडलेला स्वच्छ ठिपका) लहान, कडा विस्कटलेली; आरचा मोठा, कडा सुरीने कापल्यासारखी. काही हजार प्लाकांत एखादा सापडतो. वरच्या थराला ०.६ टक्के अगर घ्या. किराणातलं चायना ग्रास इथे नको: पाकिटागणिक घट्टपणा बदलतो आणि कडेवरून निदान करता येत नाही. सापडलेला प्लाक दोनदा शुद्ध करून लॅम्डा लायसोजेन असलेल्या, म्हणजे लॅम्डा हा दुसरा फेज आत दडलेल्या, के-१२ या ई. कोलाय वाणावर टाका. तिथे प्लाक आले नाहीत तर तो आर-२ (आर म्युटंटचा दुसरा गट). आपल्याला हवा आर-१, कारण आरआय हे अँटिहोलिन त्याच जनुकाचं. हाती आलेला के-१२ वरही उठला आणि तिथेही कडा तीक्ष्णच राहिली. त्याची ओडी २४ व्या मिनिटाला घसरू लागली, ३२ व्याला तळाला. तो आलेख डोळे भरून पाहण्यासारखा आहे.

तरी जंगली टी४ चं मूळ घड्याळ, म्हणजे न रोखता फुटण्याची वेळ, मोजायचंच आहे. बेत होता पाचव्या मिनिटाला सेंट्रिफ्यूज करून मोकळे फेज ओतून देण्याचा. पण गोळ्यात पेशी दाटतात, थंडावतात आणि घड्याळ सरकतं. त्यापेक्षा एमओआय ३ वर आणायचा (५ टक्के पेशी सुटतील, चालेल), पाच मिनिटं चिकटू द्यायचं आणि ३७ अंशांच्याच एलबीत वीसपट पातळ करायचं. घनता एक कोटी, चिकटण्याचा दर ०.०२. पुढच्या पंधरा मिनिटांत दहातल्या एखाद्याच पेशीला दुसरा फेज भेटेल.

अडचण एवढीच की ओडी ०.०२ उरते आणि ओडी मोजणाऱ्या आपल्या फोटोडायोडचा खडखडाटच तेवढा आहे. हे लिहिताना सुचलं: प्रकाशाची वाट लांबवायची! १६ मिमी आतल्या व्यासाची १० सेंमी काचनळी, दोन्ही टोकांना स्लाइडचा तुकडा मत्स्यालयाच्या सिलिकॉनने चिकटवलेला, मध्ये भरायला एक तोंड. मावतं २० मिलि, वाचन मिळतं ०.२. सिलिकॉनचा आंबट वास पूर्ण जाईपर्यंत वापरू नका. हलवून ऑक्सिजन देता येणार नाही, पण पेशी विसांश असल्याने श्वसनही विसांशच असेल. ही काळजी हवीच, कारण पटलावरचा विद्युतदाब कोसळला की होलिन वेळेआधी उघडतो. म्हणून पहिली फेरी आर-१ ची. तो या नळीतही २४ व्या मिनिटालाच घसरला, तर मगच जंगली टी४ आत जाईल.