सोलेंटच्या शर्यतीत वाट कोणाची?

इंग्लंडच्या दक्षिणेला, आयल ऑफ वाइट बेट आणि मुख्य भूमीच्या मधल्या सोलेंट सामुद्रधुनीत उन्हाळाभर शिडाच्या होड्यांच्या शर्यती चालतात. आयल ऑफ वाइटवरच्या काउज गावी भरणाऱ्या ‘काउज वीक’ या शर्यत-महोत्सवाची पहिली शर्यत १८२६ सालची. किनाऱ्यावरून बघताना वाटतं, आता आदळणारच! पण होडीवरच्यांचं लक्ष वारा कोणत्या बाजूने येतोय याकडे असतं.

वारा उजवीकडून असेल तर होडी ‘स्टारबोर्ड टॅक’वर, डावीकडून असेल तर ‘पोर्ट टॅक’वर. दोघी आडव्या आल्या की पोर्टवालीने वाट सोडायची. टॅक एकच असून होड्या शेजारी शेजारी असतील तर वाऱ्याकडचीने दूर राहायचं, मागचीने पुढचीपासून.

खरी कसोटी पोर्टवर असताना. समोरच्या होडीमागचा किनारा बघा. तिच्या टोकापुढे नवा किनारा उघडत गेला तर तुम्ही पुढून निघाल. टोक किनारा झाकत चाललं तर ती पुढून जाईल. काहीच हलत नसेल तर टक्कर ठरलेली. मागून जायचं ठरलं तर आधी मेनशीट, म्हणजे मोठ्या शिडाचा दोर, सैल करा, मगच सुकाणू वळवा. ताणलेलं मोठं शीड होडीला वाऱ्याकडेच ओढतं, तोंड वळत नाही आणि तुम्ही थेट तिच्या पाठीवर जाता. ऐनवेळी तिच्यासमोर टॅक करणं, म्हणजे तोंड वाऱ्यातून पलीकडे वळवणं, त्याहून धोक्याचं: तोंड वाऱ्यापार गेल्यापासून होडी नव्या दिशेला नीट लागेपर्यंत दूर राहण्याची जबाबदारी तुमचीच.

बोयापाशी, म्हणजे शर्यतीत जिला वळसा घालायचा त्या तरंगत्या खुणेपाशी, हिशोब बदलतो. तीन होडीलांबींच्या वर्तुळात पहिली होडी शिरते तेव्हा दोघी शेजारी असतील, तर आतल्या होडीला वळायला जागा द्यावी लागते. वाऱ्याकडच्या बोयाकडे उलट टॅकवर येणाऱ्यांना मात्र हा नियम लागू नाही, तिथे पोर्ट-स्टारबोर्डच. नवखे नेमके इथे फसतात.

हक्क असला तरी टक्कर टाळणं दोघींवर बंधनकारक आहे. चूक झाली तर लगेच मोकळ्या पाण्यात जाऊन दोन पूर्ण फेऱ्या घ्यायच्या: दोन टॅक, दोन जाइब (होडीचा मागचा भाग वाऱ्यातून वळवणं). बोयाला नुसता स्पर्श झाला तर एकच. तक्रार करायची तर तत्क्षणी ‘प्रोटेस्ट’ ओरडा. होडी सहा मीटर किंवा मोठी असेल तर लाल झेंडाही लावा.

हे सगळं शर्यतीतल्या होड्यांपुरतं. साउदॅम्प्टनच्या जलमार्गात १५० मीटरहून लांब जहाज आलं की त्याच्या पुढचे १००० मीटर आणि दोन्ही बाजूंचे १०० मीटर छोट्या होड्यांना बंद. तिथे स्टारबोर्ड टॅकही कामाचा नाही.