दाब उतरला, तरी पेशी का मरतात?

आज अशोक चौकातल्या शेजारच्या काकांना डोळे तपासायला घेऊन गेले. सगळी हयात पॉवरलूमवर गेली. मोतीबिंदू असेल, काढला की झालं, अशी त्यांची खात्री होती. निघाला काचबिंदू, म्हणजे बहुधा डोळ्यातला दाब वाढून डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरत जाते तो आजार. "पोरी, थेंबांनी दाब उतरला की थांबेल ना सगळं?"

माझी पीएचडी नेमकी याच प्रश्नावर आहे.

प्रत्येक डोळ्यातून मेंदूकडे साधारण 10 ते 12 लाख चेतातंतू जातात. इजा झाली की मायक्रोग्लिया, म्हणजे खरं तर राखणदार पेशी, खवळतात. त्यांनी सोडलेल्या टीएनएफसारख्या, दाह पेटवणाऱ्या रेणूंमुळे शेजारच्या, एरवी चेतापेशींना आधार देणाऱ्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशीच चेतापेशींच्या जिवावर उठतात, हे 2017 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. दाब आटोक्यात येऊनही काहींची नजर घटत राहते, त्यामागे हा दाह असावा असं मला मनापासून वाटतं. पण तो थांबवणारं औषध अजून दवाखान्यात आलेलं नाही. मेलेली पेशी परत येत नाही, हे काकांना सांगताना फार जड गेलं. थेंब मात्र एक दिवसही चुकवायचे नाहीत, कारण आज खात्रीचा उपाय दाब कमी करणं हाच आहे.

काचबिंदू घराण्यात उतरू शकतो. काकांच्या दोन्ही मुलांची तपासणी सोमवारी ठरवली आहे. तुमच्या घरात कुणाला असेल, तर भावंडांनीही दाखवून घ्या.