वडसा ते कोची : बिनाले पाहायला निघणाऱ्यांसाठी

झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर लागतो तो होळीपर्यंत चालतो. मी त्या नाटकांचे पडदे रंगवतो : राजमहाल, जंगल, तुरुंग, पाटलाचा वाडा. जानेवारी सरत आला की नव्या पडद्यांचं काम कमी होतं. तेवढ्या फटीत यंदा कोचीचा बिनाले पाहून आलो. सोबत गावच्या शाळेतले चित्रकलेचे सर आणि त्यांची आई. त्यांना मी काकू म्हणतो. आल्यापासून जो भेटेल तो विचारतो : तिथं आहे काय, जायचं कसं, आणि आपल्याले त्यातलं समजते काय? पहिले दोन प्रश्न सोपे आहेत. हे लिहायला बसलो ते तिसऱ्यासाठी.

आहे काय, ते आधी सांगतो. कोची-मुझिरिस बिनाले हे दर दोन वर्षांनी भरणारं आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शन. पहिलं १२ डिसेंबर २०१२ ला उघडलं, म्हणजे १२-१२-१२. सुरू करणारे बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू, दोघेही मूळचे केरळचे आणि मुंबईत शिकलेले चित्रकार. दर खेपेला एका कलावंताच्या हाती सूत्रं देतात. २०१४ ला जितिश कल्लाट होते, २०१६ ला सुदर्शन शेट्टी, २०१८ ला अनिता दुबे. मध्ये कोरोनानं घडी विस्कटली आणि पाचवा बिनाले २०२२ च्या डिसेंबरात सिंगापूरच्या शुबिगी राव यांच्या हाताखाली झाला. आम्ही पाहिला तो सहावा. १२ डिसेंबर २०२५ ते ३१ मार्च २०२६. सूत्रं गोव्याच्या निखिल चोप्रा आणि त्यांच्या एचएच आर्ट स्पेसेस या मंडळीकडे, नाव ‘फॉर द टाइम बीइंग’. मुझिरिस म्हणजे तिथलं नाहीसं झालेलं जुनं बंदर, रोमशी मिरीचा व्यापार करणारं. पट्टणम गावी २००७ पासून खोदकाम झालं तेव्हा त्याच्या खुणा सापडल्या असं म्हणतात. आपल्या भंडाऱ्याकडच्या पवनीच्या जगन्नाथ टेकडीचं खोदकाम १९६९-७० सालचं, पण तिच्या नावानं काही भरवावं असं आपल्याकडे कुणाच्या मनात आलं नाही. असो.

जायचं कसं. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाहून चांदाफोर्टकडे जाणारी गाडी धरून बल्लारशा गाठा. नागभीड, मूल करत ती निवांत जाते, म्हणून हाताशी वेळ ठेवा. बल्लारशाला केरळ एक्सप्रेस मिळते. नागपूरकडच्यांनी ती नागपुरातच पकडावी. एक रात्र गाडीत जाते आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही एर्नाकुलम टाउन स्टेशनला उतरता. आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, त्यामुळे जायचं-यायचं तिकीट एकाच बैठकीत काढा. स्लीपरमध्ये विजयवाड्यापर्यंत गर्दी असते, पुढे जरा श्वास घेता येतो. घरून भाकर, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी न्या. थंडीचे कपडे नेऊ नका. आमच्याकडे शेकोट्या पेटत होत्या म्हणून काकूंनी शाल, स्वेटर, कानटोपी असं गाठोडं बांधलं होतं. कोचीत ते उशाखाली गेलं. तिथं जानेवारीतही घाम येतो.

एर्नाकुलम हे मोठं शहर खाडीच्या अलीकडे, आणि बिनालेची बहुतेक ठिकाणं पलीकडे, फोर्ट कोची आणि मट्टनचेरीत. मुक्काम पलीकडेच करा. घरगुती खोल्या गल्लोगल्ली मिळतात. फक्त मच्छरदाणी आहे का ते विचारून घ्या. पलीकडे जायला रिक्षावाले पुलावरून मोठा वळसा घालून नेतात. त्यापेक्षा हायकोर्टाच्या धक्क्यावरून वॉटर मेट्रो धरा. बॅटरीवर चालणारी वातानुकूलित बोट, २०२३ साली सुरू झालेली. फोर्ट कोचीला जाते, मट्टनचेरीला आणि विलिंग्डन बेटालाही आता तिचे धक्के झालेत. त्याहून स्वस्त हवं तर सरकारी जुनी फेरी आहे, चिल्लरीत पार करते. वैनगंगेच्या डोंग्यात बसलेल्या माणसाला ती जास्त भावेल. काकू तर दोन्हीकडे काठ पकडूनच बसल्या.

आता ठिकाणं. बिनाले एका इमारतीत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. तो गावभर पसरलेला आहे आणि बहुतेक जागा म्हणजे जुनी गोदामं. फोर्ट कोचीतलं ॲस्पिनवॉल हाउस हे १८६७ साली एका इंग्रज व्यापाऱ्यानं उभं केलं. मिरी, सुंठ, हळद, खोबरेल, लाकूड, पुढे काथ्या, चहा, रबर असा माल तिथून समुद्रात जायचा. शेजारी पेपर हाउस (पेपर म्हणजे मिरी) : कौलारू, मधे अंगण, मागे पाणी. मट्टनचेरीत बाजार रोडवर आनंद वेअरहाउस. विलिंग्डन बेटावर आणखी एक गोदाम. भिंतीचा गिलावा पडलेला, लाकडी आढं काळं पडलेलं, खिडकीतून बोट जाताना दिसते. काही खोल्यांमध्ये मी मांडलेल्या वस्तूंपेक्षा या आढ्यांकडेच जास्त वेळ पाहत राहिलो. सरांना ते पटलं नाही. पण पडदे रंगवणाऱ्याला विचाराल तर मी सांगेन, नाटक अर्धं जागेवर ठरतं. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, दाणीशेजारी ठोकलेल्या मंडपात जे नाटक उभं राहतं ते शहरातल्या थंडगार सभागृहात तसं राहत नाही.

चालायला भरपूर आहे. ॲस्पिनवॉलहून बाजार रोडनं मट्टनचेरीकडे पायी निघा, अर्ध्या तासाच्या आत पोचाल, पण पोचायची घाई करू नका. हा रस्ता अजून जिवंत आहे. तांदळाची, सुंठीची, मिरच्यांची ठोक दुकानं, हमाल, हातगाड्या. बिनालेची पाटी आणि किराण्याची पाटी एकाच भिंतीवर. सकाळी जा, दुपारी उन्हानं डोकं दुखतं.

आनंद वेअरहाउसवर मी थोडं थांबतो, कारण आम्ही तिथं सगळ्यात जास्त थांबलो. घानाचा कलावंत इब्राहिम महामा याचं ‘पार्लमेंट ऑफ घोस्ट्स’ तिथं मांडलं होतं. आत शिरलं की चारी बाजूंनी बारदाना. जुनी, मळकी, ठिगळ लावलेली तागाची पोती एकमेकांना शिवून भिंती झाकलेल्या, आणि मधे जुन्या खुर्च्यांच्या रांगा, एखादी सभा भरायची आहे तशा. सर काही सांगू लागले, तोवर काकू भिंतीशी पोचल्या होत्या. शिवण पाहत होत्या, सुतळी पाहत होत्या, पोत्यावर काय छापलंय ते पाहत होत्या. हात लावायचा नाही म्हणून मी त्यांना मागे ओढलं.

“हे तं आपलं धान केंद्र होय,” काकू म्हणाल्या. “एवढा बारदाना इथं टांगून ठेवला, अन् आपल्याकडे बारदाना नाही म्हणून काटा बंद!” धान खरेदी केंद्रावर पोती नसली की वजनकाटा थांबतो, ते त्यांना आठवलं.

सरांनी मग सांगितलं, की हा माणूस आपल्या देशातल्या व्यापाऱ्यांकडून वापरलेली पोती गोळा करतो. ती पोती मुळात आपल्याकडच्या, बांगलादेशाकडच्या तागाची. तिकडे ती कोको भरायला जातात, मग धान्य, मग शेवटी कोळसा. फाटेपर्यंत कोणाकोणाच्या पाठीवरून जातात आणि काहींवर मालकाचं नाव लिहिलेलं असतं. जुन्या पोत्यांच्या बदल्यात तो नवी देतो.

“नवे देऊन जुने घेते?” काकू म्हणाल्या. “असा गिऱ्हाईक आपल्याकडे काऊन येत नाही जी?”

नंतर त्या एका खुर्चीवर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. मीही बसलो. पोती वाहणारा माणूस सभेत कधीच नसतो, फक्त त्याची पोती असतात, असं काहीसं माझ्या डोक्यात आलं. बाहेरच्या पाटीवर काय लिहिलं होतं ते मी वाचलंच नाही. तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच : आपल्याला समजते. आपण ज्या वस्तू हाताळल्या त्यांच्यापासून सुरुवात करा. बारदाना, काथ्या, माती, बांबू, जाळं, मीठ हे सगळं तिथं कुठे ना कुठे भेटतं आणि त्याबाबतीत आपण मुंबईच्या पाहुण्यापेक्षा पुढे असतो.

सगळंच असं नाही. काळोख्या खोलीत लांबलचक व्हिडिओ दाखवतात, बसायला एक बाकडं, आणि सिनेमा मधूनच सुरू असतो. आपण रात्री दहाला बसून पहाटे कोंबडा आरवेपर्यंत नाटक पाहणारी माणसं, म्हणजे दमाचा प्रश्न नाही. पण नाटकवाला आम्हाला घटकाभरही कंटाळू देत नाही, मधे लावणी घालतो, विनोदी पार्टी घालतो. इथं काही जण प्रेक्षकाची फिकीरच करत नाहीत. अशा खोलीतून खुशाल उठून यावं, कुणी रागावत नाही. पाट्या हा दुसरा त्रास. मजकूर खूप आणि इंग्रजी अवघड, चांगल्या शिकलेल्यालाही घाम फुटेल. उपाय एकच : प्रत्येक ठिकाणी बिल्ला लावलेली तरुण पोरं-पोरी उभी असतात, त्यांना विचारा. बहुतेक कलाशाळेत शिकणारी असतात आणि विचारलं की खुलतात. हिंदी मोडकी, आपलीही मोडकीच, जमून जातं. जोडीला विद्यार्थ्यांचा वेगळा बिनाले भरतो, देशभरच्या कलाशाळांतल्या मुलांची कामं असतात. सरांना तोच जास्त आवडला. चित्रकला शिकणारं पोर घरात असेल तर त्याला घेऊन जा.

जुन्या खेपांच्या गोष्टी ती पोरं रंगवून सांगतात. २०१४ ला अनिश कपूरनं ॲस्पिनवॉलच्या जमिनीत काळ्या पाण्याचा गरगरणारा भोवरा केला होता. २०१६ ला चिलीचा कवी राउल सुरिता यानं एका गोदामात समुद्राचं पाणी भरलं आणि लोकांना त्यातून गुडघाभर चालत जायला लावलं. पलीकडच्या भिंतीवर कविता, समुद्रात बुडून मेलेल्या निर्वासित सीरियन पोरासाठी. ऐकूनच पाय ओले झाल्यासारखे वाटले.

बिनालेखेरीज एक गोष्ट चुकवू नका. मट्टनचेरीचा राजवाडा. पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला दिला, पुढे डचांनी डागडुजी केली म्हणून लोक डच पॅलेस म्हणतात. राजाच्या शयनघरात भिंतभर रामायण रंगवलंय. गेरू, पिवळी माती, हिरवा, आणि जागा म्हणून रिकामी सोडलेली नाही. माणसाच्या खांद्यामागे दुसरा माणूस, त्याच्यामागे झाड, झाडात माकड. मी आयुष्यभर लांबून दिसेल असं रंगवत आलो, शेवटच्या रांगेतल्या माणसाला तुरुंगाचे गज दिसले पाहिजेत म्हणून. इथं उलटं : नाक भिंतीला लागेपर्यंत जवळ गेलात तरी रेघ फुटत नाही. फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे. शुक्रवारी बंद असतो, तेव्हा वार पाहून जा. जवळच १५६८ सालचं ज्यूंचं प्रार्थनामंदिर आहे, तेही शनिवारी बंद.

खाण्याचे हाल आपले होणार नाहीत, आपण भात खाणारे. लाल जाडा तांदूळ पहिल्या घासाला चामट लागतो, दुसऱ्या दिवसापासून बरा वाटतो. खोबरेलाच्या फोडणीचं मात्र काकूंना शेवटपर्यंत जमलं नाही. मासे खाणाऱ्यांची चैन आहे. मट्टनचेरीत चेरलाई भागात कोकणी बोलणारी जुनी वस्ती आहे, तिरुमल देवस्थानाच्या आसपास. तिथं मराठी सावकाश बोललात तर दुकानदार अर्धं तरी समजतात, आणि आपल्याला हायसं वाटतं.

तिकीट जपून ठेवा, ठिकठिकाणी दाखवावं लागतं. दारं सकाळी दहाला उघडतात आणि संध्याकाळी सहाला बाहेर काढतात. एका दिवशी फोर्ट कोची, दुसऱ्या दिवशी मट्टनचेरी असं वाटून घ्या. एकाच दिवसात सगळं उरकायला जाणारे संध्याकाळी पाय चोळत बसलेले दिसतात. म्हाताऱ्या माणसांसाठी अडचण आहे : गोदामांचे जिने उभे, लाकडी, काही ठिकाणी कठडा नावालाच. काकू वरच्या मजल्यांवर गेल्याच नाहीत, खाली पोरांशी गप्पा मारत बसल्या. पाण्याची बाटली, टोपी, पायात पट्ट्याची चप्पल.

कधी जायचं, हे शेतकऱ्यानं असं पाहावं. उघडतो तेव्हा, म्हणजे डिसेंबरच्या मध्यात, आपल्याकडे धान केंद्रावर काटा सुरू असतो, आणि पहिल्या आठवड्यात बरीच कामं तिथं अजून उभीही राहिलेली नसतात असं ती पोरंच म्हणाली. मार्चात उकाडा सोसवत नाही आणि शाळावाल्यांना परीक्षा. तेव्हा जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी. उन्हाळी धानाची रोवणी असणाऱ्यांनी ती आटोपून निघावं, नाहीतर घरून फोन येत राहतात. पुढचा बिनाले नेहमीच्या हिशेबानं २०२७ च्या डिसेंबरात यायला हवा. तारीख जाहीर झाली की आधी बल्लारशाचं आरक्षण, मग बाकीचं.