आमची वाटचाल : भोसरीतलं टेस्ट बेंच आणि ती कोबाल्टची बॅच

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, फ्युएल सेल (हायड्रोजनपासून वीज बनवणारे सेल) तपासायचे टेस्ट बेंच बनवतो आणि त्यांच्या कॅटॅलिस्टची (सेलमधली रासायनिक क्रिया वेगाने घडवणारी पावडर) ड्युरेबिलिटी टेस्टिंगही करून देतो. सुरुवातीची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते प्लॅटिनम-कोबाल्टच्या एका बॅचबद्दल, कारण तेव्हा आमचं बेंच खराब आहे असं बाजारात जे पसरवलं गेलं ते आजवर कुणी मागे घेतलेलं नाही.

2014 ला टोयोटाची मिराई ही हायड्रोजनवरची गाडी आली, तिच्या कॅथोडवर (सेलच्या ऑक्सिजनच्या बाजूला) प्लॅटिनम-कोबाल्ट, मग सगळ्यांनाच हे अलॉय, म्हणजे मिश्रधातू, हवं झालं. बरोबरच आहे, कमी प्लॅटिनममध्ये जास्त करंट मिळतो. पण तो नव्या सेलमध्ये! आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाने अशीच एक बॅच टेस्टला पाठवली. 80 डिग्री, एकीकडे हायड्रोजन दुसरीकडे नायट्रोजन, 0.6 आणि 0.95 व्होल्टला तीन-तीन सेकंद, अशा 30,000 सायकल, म्हणजे पन्नास तास. मास अ‍ॅक्टिव्हिटी (ठरावीक वजनाच्या प्लॅटिनममागे मिळणारा करंट) सुरुवातीपेक्षा 40 टक्क्यांपर्यंत घटली तर चालते, इथे निम्म्याहून जास्त गेली. आम्ही तसंच लिहून दिलं.

गिऱ्हाईक म्हणालं तुमचं बेंचच खराब आहे. दुसऱ्या एका टेस्टिंगवाल्याने नुसता सुरुवातीचा पोलरायझेशन कर्व्ह (किती करंटला किती व्होल्टेज मिळतं त्याचा आलेख) काढून माल पास केला, तोही आमच्यापेक्षा स्वस्तात, आणि आमचं बिल अडकलं ते अडकलंच. पगार थकले, पोटेन्शिओस्टॅटचे (व्होल्टेज धरून करंट मोजणारं यंत्र) हप्ते थकले, राहत्या फ्लॅटवर कर्ज काढलं.

माझा पार्टनर तेव्हा पेटलाच होता. त्याने सेल उघडला, गॅस्केट बदलले, प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने परत आवळला (त्याचा तो रेंच दुसऱ्या कुणी उचललेला त्याला आजही खपत नाही), ह्युमिडिफायर, मास फ्लो कंट्रोलर सगळं कॅलिब्रेट केलं आणि त्याच बेंचवर साधं प्लॅटिनम चालवलं. रीडिंग जिथे यायला हवं तिथेच आलं.

मग आमचं पहिलं बेंच घेणाऱ्या लॅबच्या मॅडमनी वापरलेल्या मेम्ब्रेनचे (सेलमधला प्रोटॉन पलीकडे नेणारा पातळ पडदा) तुकडे तपासून दिले, एक रुपया घेतला नाही. मेम्ब्रेनमध्ये कोबाल्ट! कणांच्या पृष्ठभागावरचं कोबाल्ट अ‍ॅसिडमध्ये विरघळून तिथे गेलेलं, आणि ज्या सल्फोनिक जागांवरून प्रोटॉन जायचे तिथेच ते ठाण मांडून बसतं. शिवाय व्होल्टेज वरखाली झालं की प्लॅटिनमवर ऑक्साइड चढतं-उतरतं, त्यात प्लॅटिनमही सुटतं, बारीक कण विरघळून मोठ्यांवर बसतात आणि एरिया कमी होतो. बेंचचा काय संबंध यात? मॅडमचा रिपोर्ट आम्ही गिऱ्हाइकाला पाठवला, उत्तर नाही. पण मॅडमच्या ओळखीने दोन लॅबच्या ऑर्डरी आल्या, त्यावर युनिट तरलं.

नवीन मुलांना सांगतो, सप्लायरला आधी विचारा की पावडर अ‍ॅसिडने धुतलीय का, पृष्ठभागावरचं सुटं कोबाल्ट तिथेच निघालेलं बरं. 30,000 सायकलनंतरचा ईसीएसए, म्हणजे प्लॅटिनमचा कामाला येणारा एरिया, मागा. 1.0 ते 1.5 व्होल्टची कार्बन सपोर्टची टेस्ट वेगळी करा, गाडी चालू-बंद होताना कार्बन खाल्ला जातो ते याच टेस्टमध्ये कळतं. आणि अ‍ॅडव्हान्स घेतल्याशिवाय सेल बेंचवर चढवू नका.

आता ट्रकसाठी 90,000 सायकल मागायला लागलेत, म्हणजे एका सेलमागे दीडशे तास बेंच अडकणार. म्हणून पार्टनरने तिसरं बेंच जोडायला घेतलंय.