तुम्ही विचारलेत म्हणून: ट्रम्पेट शिकणाऱ्याकडून माझी अपेक्षा

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका विद्यापीठाच्या संगीत विभागात मी ट्रम्पेट शिकवते. दर वर्षी गणेशोत्सवाच्या सुमारास, म्हणजे नवे सत्र नुकतेच सुरू झालेले असताना, मंडळाच्या कार्यक्रमात कोणी ना कोणी पालक मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारतात. मुलाने किंवा मुलीने इंजिनिअरिंगबरोबर ट्रम्पेटची वैयक्तिक शिकवणी घेतलेली असते, शिक्षिकेचे नियमांचे चार पानी पत्रक घरी वाचले गेलेले असते आणि प्रश्न असा असतो की, आठवड्याला जेमतेम अर्धा तास शिकवणी असताना तुमची त्यांच्याकडून एवढी अपेक्षा तरी कशाची? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून येथे लिहिते.

आधी थोडा हिशेब. संगीत हाच मुख्य विषय असलेल्यांना आमच्याकडे आठवड्याला एक तास आणि इतरांना अर्धा तास शिकवणी मिळते. सत्र 15 आठवड्यांचे असते. म्हणजे संगीताचा विद्यार्थी संपूर्ण सत्रात माझ्यासमोर फार तर 15 तास असतो. तोच विद्यार्थी आठवड्यातले सहा दिवस रोज दोन तास वाजवत असेल, तर त्याचे 180 तास होतात. म्हणजे 15 तास मी ऐकते आणि हे 180 तास सरावाच्या बंद खोलीत, दुसऱ्या कोणाच्याही कानावर न पडता जातात. माझी जी काही अपेक्षा आहे, ती त्या 180 तासांविषयी आहे.

आपल्याकडच्या तालमीत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटत आला. शिष्य रियाजाला बसला की गुरू शेजारच्या खोलीत असला तरी त्याचा कान तिकडेच असे. माझे स्वतःचे पहिले शिक्षक गोव्याचे होते. तेथे चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवण्याची जुनी परंपरा होती. त्या मुशीतून निघालेले अनेक वादक मुंबईला येऊन चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवू लागले, त्यांतलेच ते एक. मी त्यांच्या बाहेरच्या खोलीत बसून वाजवत असे आणि ते आत स्वयंपाक करत असत. सूर घसरला की आतून भांड्यावर डाव आपटल्याचा आवाज येई, आणि मी थांबून तोच स्वर पुन्हा लावत असे. आज माझ्या विद्यार्थ्याच्या शेजारच्या खोलीत तसे कोणी नाही. म्हणून मी त्याच्याकडून मागते ती गोष्ट ही, की आतल्या खोलीतला तो कान त्याने स्वतःच व्हावे. कधीच न चुकणारा विद्यार्थी मला नको आहे. या आठवड्यात आपली चूक नेमकी कोठे होते हे ऐकून आलेला विद्यार्थी मला हवा आहे.

हे बोलायला सोपे आहे. प्रत्यक्षात काय घडते ते सांगते. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी अठराव्या शतकातले ऑस्ट्रियन संगीतकार हायडन यांच्या ट्रम्पेट कन्चेर्तोचा, म्हणजे एकल ट्रम्पेट आणि वाद्यवृंद यांसाठीच्या रचनेचा, पहिला भाग तयार करत होता. एका आठवड्यात तो आला आणि प्रामाणिकपणे म्हणाला की, मंगळवारनंतर वाद्याला हात लावलेला नाही. मी म्हटले, ठीक आहे, आज शिकवणी नको, तू सराव कर आणि मी नुसती बसते. तो सुरुवातीपासून वाजवू लागला. पुढे जलद स्वरांची एक ओळ येते, ती जवळ आली किंवा तेथे अडखळला की तो मुकाट्याने पहिल्या मापावर, म्हणजे स्वरलिपीतल्या तालाच्या पहिल्या खंडावर, परत जाई. पाऊण तासात सुरुवातीची आठ मापे त्याने वीस-बावीस वेळा वाजवली आणि ती अवघड ओळ जेमतेम पाच वेळा, तीही प्रत्येक वेळी तशीच अडखळत. जे येत होते त्याचाच तो सराव करत होता. मी ते मोजून कागदावर मांडले आणि कागद त्याच्यासमोर ठेवला, तेव्हा तो बराच वेळ त्याकडे पाहत राहिला. मला वाटते, त्या सत्रातली सर्वांत उपयोगी शिकवणी तीच होती.

त्याच रचनेची सुरुवात मात्र मला वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. हायडनने ती 1796 साली आंटोन वाइडिंगर या व्हिएन्नाच्या वादकासाठी लिहिली, कारण त्याच्याकडे भोकांवर कळा बसवलेले नव्या घडणीचे ट्रम्पेट होते. एकलवादन सुरू होते तेव्हा आपल्या भाषेत सांगायचे तर सा, रे, ग हे तीन स्वर ओळीने येतात. त्याआधीच्या साध्या ट्रम्पेटवर त्या सप्तकात सा मिळे, ग मिळे, पण मधला रे निघतच नसे. म्हणजे ऐकणाऱ्यांनी जे पूर्वी कधी ऐकले नव्हते, ते त्या रे मध्ये होते. आजचे विद्यार्थी हे तीन स्वर सोपे म्हणून झटकन ओलांडतात. सत्राच्या शेवटी तीन प्राध्यापकांपुढे जी परीक्षा होते, तिला आम्ही ज्युरी म्हणतो, तेथे माझे अर्धे मत त्या तीन स्वरांवरच तयार झालेले असते.

स्वतःला ऐकणे म्हणजे काय, हे दाखवण्यासाठी मी पहिल्याच शिकवणीत तंबोरा लावते. आमचे नेहमीचे ट्रम्पेट काळी पाचचे असते. त्यावर कागदावरचा रे वाजवला की प्रत्यक्षात पांढरी एक ऐकू येते, म्हणून तंबोराही पांढरी एकमध्ये ठेवायचा. खालचा रे वाजवायला पहिली आणि तिसरी कळ एकत्र दाबावी लागते. पहिली कळ नळीची लांबी वाढवून स्वर एका पूर्ण स्वराने उतरवते आणि तिसरी दीड स्वराने. पण दोन्ही एकत्र दाबल्यावर मुळातली नळी आधीच लांब झालेली असते, त्यामुळे तिसऱ्या कळेची ठरावीक नळी अपुरी पडते आणि स्वर चढा लागतो. हा वाद्याचाच स्वभाव आहे, त्यात वादकाचा दोष नाही. यासाठी तिसऱ्या सरकत्या नळीला एक कडी असते. डाव्या हाताच्या बोटाने ती सुमारे एक सेंटिमीटर पुढे ढकलायची. बहुतेक मुले ही कडी शाळेच्या बँडमध्ये पाच-सहा वर्षे नुसती धरून बसलेली असतात. तंबोऱ्यासमोर रे लावला की दोन आवाजांत थरथर ऐकू येते. नळी हळूहळू पुढे गेली की ती थरथर मंदावते आणि एका जागी एकदम थांबते. त्या क्षणी विद्यार्थ्याच्या भुवया वर जातात. त्यानंतर मला त्याला काही सांगावे लागत नाही. पुढच्या वेळी चढा रे त्याचा त्यालाच सहन होत नाही.

आता तासांविषयी. संगीत हाच विषय असलेल्यांनी रोज दोन ते तीन तास आणि इंजिनिअरिंग सांभाळून शिकणाऱ्यांनी रोज पाऊण तास वाजवावे, असे मी सांगते. तुमचा मुलगा शनिवारी एकदम पाच तास वाजवून आठवडा भरून काढत असेल, तर कृपया त्याला थांबवा. ट्रम्पेट ओठांच्या स्नायूंवर वाजते. थकलेल्या ओठाने वर जायचे म्हटले की वादक नकळत माउथपीस दाबू लागतो, ओठांचा रक्तपुरवठा कमी होतो आणि दुसऱ्या दिवशी सुरात नुसती हवा ऐकू येते. म्हणून दिवसाचे दोन-तीन भाग करावेत आणि जितका वेळ वाजवले तितकाच वेळ वाद्य मांडीवर ठेवून विसावा घ्यावा. त्या विसाव्यात पुढची ओळ बोटांनी आणि मनातल्या मनात म्हणता येते, आणि तोही सरावच आहे. शरद ऋतूत अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांसाठी मार्चिंग बँडमध्ये तासन्तास मोठ्याने वाजवणाऱ्या मुलांना हे मी दोनदा सांगते.

पत्रकातल्या बाकीच्या गोष्टींवर फार बोलण्यासारखे नाही. वेळेवर यावे, येता येणार नसेल तर आदल्या दिवशी कळवावे, शिसपेन्सिल आणावी, कळांना तेल घालावे. वाद्यवृंदात जायचे असेल तर कागदावरचे संगीत वेगळ्या पट्टीत वाचायची सवय करावी लागते. पेटीवाला गायकाप्रमाणे काळी एकवरून पांढरी चारला जातो, तसेच हे आहे, आणि आपल्या घरांतून आलेल्या मुलांना ही कल्पना लवकर समजते याचा मला आनंद होतो.

एका गोष्टीत मात्र मी तडजोड करत नाही. ओठ दुखत असेल, दातांना तार बसणार असेल किंवा अक्कलदाढ काढायची असेल, तर ते मला आधी कळले पाहिजे. अठरा ते बावीस या वयात अक्कलदाढ काढण्याची वेळ अनेकांवर येते. दाढ काढलेल्या जागी जी गुठळी धरते, ती जोराने फुंकल्याने सुटू शकते. त्यामुळे ही शस्त्रक्रिया ज्युरीनंतरच्या सुट्टीत ठरवावी आणि दंतवैद्यांनी परवानगी दिल्याशिवाय वाद्य ओठाला लावू नये. आजवर या कारणाने मी कोणाचेही गुण कापलेले नाहीत. लपवून वाजवत राहिलेल्या एका मुलीचे संपूर्ण सत्र वाया गेले, याचे मला अजून वाईट वाटते.

आणि तुमच्याकडूनही एक अपेक्षा आहे. डिसेंबरात मुले तीन-चार आठवड्यांसाठी घरी येतात. तेव्हा रोज सकाळी वीस मिनिटे वरच्या खोलीतून एकच लांब स्वर, मग त्याच्या शेजारचा, मग पुन्हा पहिला, असे कंटाळवाणे काही ऐकू येईल. पाहुणे आले असतील तरी ते चालू द्यावे. शेजाऱ्यांची अडचण असेल तर सरावाचा म्यूट, म्हणजे ट्रम्पेटच्या तोंडात बसवायचे आवाज दाबणारे बूच, मिळतो, तो लावायला सांगावा. मात्र त्यातून आपला खरा आवाज कानावर येत नाही, म्हणून दुपारी शेजारी कामावर गेले की तो काढूनही थोडे वाजवू द्यावे.